वसई ते महाड: एलीयाच्या मागे सहा दिवस

पावसाळा सरून बोटी पुन्हा सुरू झाल्या की ही वाट धरायची. ऑक्टोबरचा उकाडा नको असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. माणसं चार, फार तर सहा. त्याहून जास्त झाली की सहल होते आणि मौन राहत नाही.

ही सफर कुणासाठी, ते आधी. पवित्र शास्त्रातलं अक्षर न् अक्षर बिनचूक, मंडळीबाहेरचा, म्हणजे आपल्या चर्चबाहेरचा, शेजारी नरकाच्या वाटेवर, प्रभूचं येणं आज नाही तर उद्या आणि मनात शंका आली तर ती सैतानाची, अशा शिकवणीत वाढलेली आणि आता तिच्यात जीव गुदमरणारी माणसं मराठीत पुष्कळ आहेत. येशूला सोडावंसं त्यांना वाटत नाही. त्यांना एकीकडून ‘सगळंच सोडा’ म्हणणारे भेटतात, दुसरीकडून ‘अजून उपवास-प्रार्थना करा’ म्हणणारे. मौनात बसायचं आणि तिथून उठून लोकांच्या कामाला लागायचं, ही ख्रिस्ती धर्मातलीच जुनी वाट त्यांना कुणी दाखवलेली नसते.

सामान थोडं. बायबल सोसायटीचं मराठी पवित्र शास्त्र, पण खुणा न केलेली प्रत. लाल पेनाच्या जुन्या रेघा डोळ्यांना जुन्याच वळणावर नेतात. शंभर पानी वही, बसायला सतरंजीचा तुकडा, टोपी, पाणी. फोनमधली प्रवचनं सहा दिवस बंद. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मात्र बाहेर पडू नका, नुसता आवाज बंद करा. बाहेर पडलात की त्याच रात्री पाळकांचा फोन येतो आणि पुढचे दिवस खुलासे देण्यात जातात.

वाचायला एकच माणूस, जुन्या करारातला संदेष्टा एलीया. १ राजे, अध्याय १८, १९ आणि २१. जहाल प्रवचनांत १८ वा पाठ असतो, १९ वा घाईघाईने उरकला जातो आणि २१ व्याला फारसं कुणी हात लावत नाही. आम्ही हे तीन अध्याय कोकणातल्या तीन जागांना जोडले आहेत आणि मधले दिवस त्या जागांमधल्या वाटेचे.

पहिला दिवस: वसई

वसई रोडला उतरून पश्चिमेला यायचं आणि किल्ला बंदराकडे जाणारी बस किंवा रिक्षा धरायची. सकाळी नऊच्या आत किल्ल्यात पोचा, नंतर दगड तापतात. किल्ला पोर्तुगीजांकडे दोन शतकं होता आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी घेतला, हे शाळेत शिकवतात. आत थेट फ्रान्सिस्कन चर्चच्या अवशेषात जा. छप्पर नाही, पण जमिनीत पोर्तुगीज अक्षरांच्या थडग्यांच्या शिळा अजून आहेत. तिथे कडेला बसायचं, शिळांवर नाही.

इथे पहिला धडा तारखांचा. आपल्याला सांगितलेलं असतं की ही शिकवण जशीच्या तशी पेत्र-पौलापासून आली. तिला लावला जाणारा ‘फंडामेंटलिस्ट’ (मूलतत्त्ववादी) हा शब्दच १९२० साली अमेरिकेतल्या एका बाप्टिस्ट संपादकाने घडवला. ज्या पुस्तिकांवरून तो आला त्या १२ पुस्तिका १९१० ते १९१५ या काळात तिथे छापून फुकट वाटल्या गेल्या. काळाचे सात खंड, मंडळीचं अचानक उचललं जाणं, मग सात वर्षांचं महासंकट, हा तक्ता १९ व्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांनी मांडला आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या तळटिपांतून तो जगभर पसरला. पुढे ‘बिनचूकपणा’ची कलमवार व्याख्या झाली ती १९७८ मध्ये, शिकागोच्या जाहीरनाम्यात. तुम्ही बसलात त्या भिंती १६ व्या शतकातल्या. ज्या ख्रिस्ती माणसांना त्यांच्या सावलीत पुरलं, त्यांनी तो तक्ता ऐकलेला नव्हता.

आता वही काढा. तीन रकाने: ठेवायचं, टाकायचं, अजून ठरलं नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक रकान्यात तीनच नोंदी. हा आकडा पाळा. रागात बसलेला माणूस ‘टाकायचं’चा रकाना पानभर भरतो आणि त्यात पाठ असलेली वचनं, आईने शिकवलेली प्रार्थना, टाळ्यांची गाणी सगळं वाहून जातं. महिन्याभराने त्याला हाताशी काहीच सापडत नाही. मग तो जुन्या मंडळीत दुप्पट जोराने परततो, नाहीतर तितक्याच आवेशाने नास्तिक होतो. त्या दोन्हींत स्वभाव जुनाच राहतो.

दुपारी १८ वा अध्याय सावकाश वाचा. कर्मेल डोंगर, बआल देवाचे ४५० संदेष्टे, वेदीवर आकाशातून पडणारा अग्नी. बहुतेक प्रवचनं इथे संपतात. ४० वं वचन मोठ्याने वाचा: एलीया त्या माणसांना कीशोन ओहोळाशी नेऊन मारतो. मग ३३ व्या-३४ व्या वचनाकडे परत या. तीन वर्षांचा दुष्काळ आहे आणि चार घागरी तीन वेळा, म्हणजे बारा घागरी पाणी देखाव्यासाठी ओतलं जातं. यावर चर्चा नको. वहीत ‘बारा घागरी’ एवढं लिहून ठेवा; सहाव्या दिवशी लागेल.

संध्याकाळी निर्मळला जा. तळं, शंकराचार्यांची समाधी आणि होली क्रॉस चर्च असं सगळं एका टापूत आहे. वसई हा १९९८ पासून स्वतंत्र धर्मप्रांत आहे, आणि ‘फादर’ म्हटलं की इथल्या जुन्या माणसांना फ्रान्सिस दिब्रिटो आठवतात. बायबलचं मराठी भाषांतर करणारा, ‘सुवार्ता’ मासिक चालवणारा, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झालेला हा धर्मगुरू हरित वसईच्या आंदोलनात जमीन आणि पाण्यासाठी रस्त्यावर उतरला होता. लहानपणापासून ‘कॅथलिक म्हणजे मूर्तिपूजक’ ऐकलेल्यांनी निर्मळच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर दहा मिनिटं नुसतं बसावं. गुडघे टेकण्याची किंवा क्रूसाची खूण करण्याची सक्ती नाही. पोटात गोळा आला तर बाहेर या, तेवढंही आज पुरे.

दुसरा दिवस: मांडवा, नवगाव, खंडाळे

गेटवेहून मांडव्याची लाँच तासाभरात पोचवते. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोही आहे, गाडी असेल तर ती. लाँचच्या तिकिटात अलिबागची बस धरलेली आहे का, ते खिडकीवरच विचारून घ्या. वारा असेल तर मागच्या भागात खाली बसा. वरच्या डेकवर भाडं जास्त आणि मळमळही जास्त.

अलिबागच्या उत्तरेला नवगाव. जुन्या आठवणीप्रमाणे बेने इस्राएलांचे, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांचे, पूर्वज इथल्या किनाऱ्यावर गलबत फुटून लागले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. मेलेल्यांना पुरलं ती दफनभूमी आणि स्मारक इथे आहे. ही मंडळी तेल गाळायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. ग्रंथ हाताशी नाही, धर्मगुरू नाही, बाकीच्या यहुद्यांशी संबंध तुटलेला, आणि तरी शतकानुशतकं धर्म टिकला: शनिवारचा विसावा, सुंता, खाण्याचे नियम आणि ‘शेमा’ या यहुदी प्रार्थनेच्या ओळी. ज्याला शिकवलंय की शास्त्राचं एक अक्षर हललं की सगळी इमारत कोसळते, त्याने नवगावला अर्धा तास बसावं.

तिथून खंडाळे गाव. इथल्या एका खडकावर ‘एलियाहू हन्नबीचा टापा’ दाखवतात. संदेष्टा एलीया रथातून स्वर्गात जाताना त्याच्या घोड्यांच्या टापा इथे उमटल्या, अशी श्रद्धा. बेने इस्राएल नवस फेडायला इथे येतात आणि मलिदा करतात: भिजवलेले गोड पोहे, वर खवलेला ओला नारळ आणि फळं. जागा त्यांची आहे. फोटोआधी विचारा, कुणी विधी करत असेल तर लांब थांबा, आणि ‘येशूच मसीहा’ हे सांगण्याची जागा ही नव्हे.

१९ वा अध्याय इथेच वाचायचा, खडकाच्या जवळपास सावली बघून. अग्नी पाडणारा वीर दुसऱ्याच दिवशी एका बाईच्या, राणी ईजबेलच्या, धमकीने पळत सुटतो, झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा भाकर देतो. (सतत उपवास-प्रार्थनांनी थकलेल्यांनी हे वचन दोनदा वाचावं.) मग होरेब डोंगर, वारा, भूकंप, अग्नी, आणि अग्नीनंतर जे येतं त्याला मूळ हिब्रूत तीन शब्द आहेत: कोल दमामा दक्का. कोल म्हणजे आवाज, दमामा शांतता, दक्का बारीक, तलम. भाषांतरकारांनी त्याची ‘मंद वाणी’ केली, कारण शांततेला आवाज कसा असेल, हा पेच त्यांच्याही पुढे होता. बिनचूक अक्षराचा आग्रह इथे कसा लावायचा, ते ज्याने त्याने बघावं.

अजून एक बारकावा. त्या शांततेच्या आधी देव विचारतो, ‘तू इथे काय करतोस?’ एलीया सांगतो, ‘मी एकटाच उरलो.’ शांततेनंतर तोच प्रश्न पुन्हा येतो आणि एलीया शब्दही न बदलता तेच उत्तर देतो! मौनात बसलं की माणूस वीस मिनिटांत पालटतो, असं कुणी सांगितलं तर हे वचन दाखवा. एलीयाची समजूत तशीच राहते. देव त्याला कामावर पाठवतो आणि जाता जाता सांगतो की तुझ्यासारखे सात हजार आहेत.

संध्याकाळी किनाऱ्यावर पहिली मौनप्रार्थना. ही पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या स्पेन्सर गावच्या ट्रॅपिस्ट या कॅथलिक संघाच्या मठात बसवली गेली, पण तिचं मूळ १४ व्या शतकातल्या एका निनावी इंग्रज साधकाच्या शिकवणीत आहे.

पाठ ताठ ठेवून बसा. मांडी जमत नसेल तर खुर्ची घ्या. एक लहान शब्द निवडा: ‘येशू’, ‘आबा’, ‘ये’. डोळे मिटून तो मनात एकदा हळूच ठेवा. तो जपायचा नाही. विचार येतील, विचारांत गुंतलोय असं ध्यानात आलं की तो शब्द पुन्हा ठेवायचा, बस. विचार हाकलायचे नाहीत, त्यांना ‘सैतानाचे’ म्हणायचं नाही. वीस मिनिटांनी गजर, तोही हलक्या आवाजाचा. मग दोन मिनिटं डोळे मिटूनच प्रभूची प्रार्थना, एकेक ओळ थांबून. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दुपारी जेवून बसू नका. कोकणातली दमट हवा आणि पोटातला भात यांच्यापुढे कुठलाही साधक टिकत नाही.

बिघडतं कुठे? एक, जुन्या सवयीने माणूस मनातल्या मनात बोलून प्रार्थना करत राहतो: आजारी मावशी, नोकरी, देश. हरकत नाही, पण ती वेगळी प्रार्थना. तिला वेगळी वेळ द्या. दोन, ‘काहीच झालं नाही’ अशी तक्रार. साक्ष देता येईल असं काही घडायलाच हवं, ही मागणी अग्नीच्या वेदीवरची. तीन, आणि हे जपून: भीती. मन रिकामं केलं की दुष्ट आत्मा शिरतो, असं बऱ्याच जणांच्या मनात ठोकून बसवलेलं असतं, आणि त्याला मत्तय १२:४३-४५ चा दाखला देतात. ते वचन पुरतं वाचा. तिथे घर झाडलेलं आहे आणि त्यात कुणीच राहत नाही. मत्तय ६:६ मधल्या खोलीचं दारही बंद आहे, पण आत पिता आहे. तरी छाती धडधडली तर बळेच बसू नका. डोळे उघडा, तळवे वाळूत दाबा, २३ वं स्तोत्र मोठ्याने म्हणा. पाठांतर असं कामाला येतं. ज्यांच्यावर जबरदस्तीने भुतं काढण्याचे प्रयोग झालेत, त्यांनी बसण्याऐवजी चालावं, पाच-पाच मिनिटं, आणि परतल्यावर मानसोपचार घ्यावेत.

तिसरा दिवस: रेवदंडा आणि कोर्लई

अलिबागहून रेवदंडा १७ किलोमीटर. किल्ल्यात सातखणी मनोरा आणि फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाचं छोटं प्रार्थनास्थळ आहे. झेवियर यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडी ठरवलेल्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, मागितलं होतं. ते १५६० मध्ये आलं आणि मधला थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत राहिलं. जहाल मंडळी सोडून निघालेल्या माणसाला पुढचं देऊळ सोन्याचं वाटायला लागतं. तसं होऊ नये म्हणून इथे दहा मिनिटं.

कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की कोर्लई. डोंगराच्या सोंडेवर किल्ला, पायथ्याशी वाडी आणि चर्च. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले, पण वाडीतल्या ख्रिस्ती माणसांनी पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली ठेवली. ते तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची भाषा. बोलणारे हजाराच्या आसपास. बाहेर अस्खलित मराठी, घरात ही बोली, चर्चमध्ये मराठी मिस्सा.

चर्च कर्मेल डोंगराच्या माउलीचं आहे, आणि कर्मेल म्हणजे एलीयाचाच डोंगर. १२ व्या शतकाच्या शेवटी त्या डोंगरावर काही एकांतवासी ‘एलीयाच्या झऱ्या’जवळ राहू लागले, त्यांच्यापासून कर्मेली संघ झाला. ज्या डोंगरावर अग्नी पडला, त्या डोंगराचं नाव घेणाऱ्यांनी वारसा उचलला तो होरेबच्या शांततेचा. त्यांच्यातला क्रूसाचा योहान (१५४२-१५९१) आज वाचायचा नाही, फक्त त्याची हकिगत सांगायची: स्वतःच्याच संघातल्या भावांनी त्याला १५७७ च्या डिसेंबरात पकडून तोलेदोच्या मठात एका अंधाऱ्या खोलीत डांबलं. पुढच्या ऑगस्टमध्ये तो निसटला. काळोखात देव जाणवेनासा होतो आणि तरीही नातं तुटलेलं नसतं, हे त्याने त्या अनुभवातून मांडलं. मंडळीतून काढून टाकलेल्यांना हे लगेच कळतं.

पण इथे एक गफलत हमखास होते. प्रार्थनेत कोरडेपणा आहे, मात्र जेवण, झोप, कामधंदा, माणसांची ओढ शाबूत आहे, तर ती योहानाची ‘काळोखी रात्र’ म्हणता येईल. झोप उडाली, जेवण जात नाही, जगण्यात अर्थ वाटेना, हे दोन आठवडे टिकलं तर ते नैराश्य. त्याला डॉक्टर हवा. दोन्ही एकत्रही असतात.

किल्ल्यावर दीपगृहाच्या बाजूने चढा. दुपार टाळा. खाली उतरून भाकरी आणि सुक्या बांगड्याचं जेवण मिळालं तर सोडू नका.

चौथा दिवस: दोन खाड्या, बाणकोट, हर्णै

आज प्रवास फार, म्हणून प्रार्थना फक्त सकाळची. मुरूडवरून आगरदांडा, तिथे जंगलजेट्टीने (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) दिघी. श्रीवर्धन, हरिहरेश्वर मागे टाकून बागमांडला, पुन्हा जंगलजेट्टी, वेसवीला उतरायचं. एक फेरी चुकली की तास जातो आणि दुसरीही चुकते, तेव्हा सहाला निघा. गाडी रिव्हर्समध्ये चढवावी लागते. सवय नसेल तर जेट्टीवरच्या पोऱ्यांच्या हातवाऱ्यांवर विश्वास ठेवा, स्वतःची अक्कल चालवू नका.

वेसवीहून बाणकोट जवळ. सावित्री इथे समुद्राला मिळते. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीचं मराठी मुलखातलं काम या खाडीच्या तोंडाशी सुरू झालं. पहिला माणूस, डोनाल्ड मिचेल, वर्षभरातच वारला. पाठोपाठ आलेल्यांनी बाणकोट-हर्णैत शाळा चालवल्या. १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन मराठी शिकले ते हर्णैला. पुढे मुंबईत त्यांनी ब्राह्मण पंडितांशी जाहीर वाद घातले. मोरभट दांडेकरांनी हिंदू धर्माच्या बाजूने लिहिलं, विल्सननी त्याचं खंडन छापलं. दोन्हीकडे खास कर्मेलचा नूर. त्याच विल्सननी १८३२ मध्ये बेने इस्राएलांना उपयोगी पडावं म्हणून हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुंबईत मुलींच्या शाळा उघडल्या. वाद कोण जिंकलं हे आज कुणी विचारत नाही. व्याकरण शिकलेले बेने इस्राएल ख्रिस्ती झाले नाहीत, चांगले हिब्रू वाचू लागले. आमच्या मते मिशनच्या इतिहासातलं हे सगळ्यात समाधानाचं अपयश.

संध्याकाळी हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव बघा. पाटीभोवती घोळका, बोटांवरचे भाव, बर्फाचा चुरा, गाबतांची घाई. या गलक्यात पाच मिनिटं डोळे उघडे ठेवून आपला शब्द मनात ठेवायचा. शांत खोलीतच जमणारी प्रार्थना घरी गेल्यावर चार दिवस टिकते.

पाचवा दिवस: दापोली, करजगाव

दापोलीच्या मिशन शाळेत साने गुरुजी शिकले. त्यांचं गाव पालगड याच तालुक्यात. पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी दहा दिवस उपोषण केलं. उपवास असाही असतो.

आजचा माणूस मात्र नारायण वामन टिळक. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १८९३ च्या सुमारास आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. टिळक अडकले ते डोंगरावरच्या प्रवचनात, मत्तय ५ ते ७. नरकाच्या धाकाने हलणारा हा माणूस नव्हता. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला, दोन दशकं अमेरिकन मिशनमध्ये काम झालं, आणि १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला. साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकत्र. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. आपल्याला ज्या वाटेवर ‘पहिलेच’ असल्याचा भास होतो, तिच्यावर शंभर वर्षांपूर्वी मराठीत पाऊल पडलेलं आहे.

म्हणून आज मत्तय ५:१-१२ घेऊन चार पायऱ्यांचं वाचन. पायऱ्या १२ व्या शतकातल्या ग्वीगो नावाच्या कार्थुसियन मठवाशाने मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना, विसावा. वेळ चाळीस मिनिटं. पहिल्यांदा मोठ्याने, नेहमीच्या निम्म्या वेगाने. दुसऱ्यांदा एखादा शब्द अडेल तिथे थांबा. पुढे वाचू नका. तिसऱ्यांदा त्या शब्दावरून देवाशी बोला, तक्रार असली तरी. शेवटची दहा मिनिटं पुस्तक मिटून गप्प. जुन्या तालमीतला वाचक दुसऱ्या पायरीवर घसरतो: संदर्भवचनं शोधू लागतो, तीन मुद्द्यांचं प्रवचन बांधतो, शेजारच्याला कोणतं वचन लागू पडेल ते ठरवतो. पेन खिशात ठेवणं हाच उपाय.

दुपारी घरचं बोलून घ्या, कारण परवा घरी जायचंय. आई-वडिलांना पहिल्याच जेवणात ‘मी आता तसं मानत नाही’ सांगू नका. प्रश्न विचारला तर खोटं बोलू नका, न विचारलेल्याचं उत्तर देऊ नका. लहान मुलं असतील तर नरकाच्या गोष्टी आधी थांबवा, बाकीचं सावकाश. दशांश (मंडळीला द्यायचा मिळकतीचा दहावा हिस्सा) एकदम बंद केला तर हात मोकळा होतो आणि आठ दिवसांत खर्च त्या जागी येतो. रक्कम तीच ठेवा आणि सहा महिने वेगळ्या डब्यात टाका. कशासाठी, ते उद्या.

सहावा दिवस: दासगाव, महाड

दापोलीहून मंडणगडमार्गे महाड, अडीच-तीन तास धरा. वाटेत मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव. महाड लागलं तरी थांबू नका, दासगावला जाऊन मग चालत मागे या.

कारण असं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर सत्याग्रहींना मारहाण झाली आणि तळं ‘शुद्ध’ करायला त्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतल्या. वहीतली ‘बारा घागरी’ची ओळ आता उघडा. डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. डॉ. आंबेडकर आणि सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. बोट बाणकोटच्या खाडीतून, परवा तुम्ही ओलांडलीत त्याच पाण्यावरून, सावित्रीत शिरली आणि दासगावला लागली. तिथून महाड पाच मैल ते चालत गेले. तेच अंतर चालायचं. हायवेला ट्रक फार, म्हणून उजव्या कडेने, एकामागोमाग एक, उन्हं उतरल्यावर. बोलणं नाही. परिषदेला गावात कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला तिथे मनुस्मृती जाळली. त्या दिवशी जगभर नाताळ होता.

तळ्याच्या काठावर २१ वा अध्याय. नाबोथाचा मळा राजवाड्याला लागून आहे, राजा अहाबाला तो हवाय, नाबोथ वडिलोपार्जित जमीन विकत नाही. ९ वं-१० वं वचन नीट बघा: राणी ईजबेल पत्रात आधी उपवास पुकारायला सांगते, मग दोन खोटे साक्षीदार बसवायला. धार्मिक विधी, कायदा, शिक्का, सगळं रीतसर. महाडमध्येही डिसेंबरच्या परिषदेआधी तळं खाजगी मालमत्ता आहे असा दावा कोर्टात घालून मनाई आणली गेली. मनाई मानून त्या वेळी तळ्यावर जाणं थांबवलं, आणि हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ मध्ये. दहा वर्षं. एलीयाला या अध्यायात देव अग्नी देत नाही. ‘खून करून वर ताबाही घेतलास का?’ हे राजाला मळ्यात उभं राहून विचारायला पाठवतो.

मग कामाचं बोलायचं, काठावरच. दर आठवड्याला दोन तास, एक वर्ष, एकच विषय. रेशनकार्डाची कामं असोत, वृद्धांना दवाखान्यात नेणं असो, ग्रामसभेला बसणं असो. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. बहुतेक ख्रिस्ती माणसं तिकडे फिरकत नाहीत. आधीपासून काम करणाऱ्या संघटनेत जा आणि पहिलं वर्ष सतरंज्या उचला. पुढारी ख्रिस्ती नसेल तर उत्तम. पत्रक नाही, मदतीच्या शेवटी ‘चला प्रार्थना करू’ नाही. कुणी विचारलं तर सांगा. दशांशाचा डबा या कामाच्या बसभाड्याला. आणि आपल्याच मंडळीत बघा: कार्यकारिणीत कोणत्या घरांची नावं आहेत, लग्नं कुठे जमतात, कबरस्तानात कोण कुठल्या कोपऱ्यात. तिथे जात सापडली की महाड फार लांब नाही.

ज्या दिवशी काम, त्या दिवशी वीस मिनिटं बसणं चुकवायचं नाही. हे दोन्ही सुटे झाले की बिघाड ठरलेला. नुसतं काम करणारा सहा महिन्यांत चिडखोर होतो आणि जुन्या पाळकांच्याच आवाजात लोकांना झापू लागतो. नुसता बसणारा स्वतःच्या शांतीची साक्ष देत फिरतो.

२० मार्च किंवा २५ डिसेंबरला आलात तर गर्दी प्रचंड असते. गळ्यातला क्रूस लपवू नका, मिरवूही नका. गाणी म्हणू नका, ती त्यांची जागा आणि त्यांचा दिवस. पुस्तकांचे स्टॉल बघा, रांगेत उभे राहा, कुणी पाणी दिलं तर प्या.

परतीला वीर स्टेशन. रिक्षावाल्याला भाडं आधी ठरवून सांगा. तिथे थोड्याच गाड्या थांबतात, तेव्हा तास-दीड तास हाताशी राहतो. फलाटाच्या टोकाला बाक आहेत. संध्याकाळचे वीस मिनिटं तिथेच उरकून घ्या, गाडीत जागा मिळेलच असं नाही.